पेटी घराण्याची चौथी पिढी

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत 'पेटी' हे आडनाव फार मोठे. ली पेटी १९५९ च्या पहिल्याच 'डेटोना ५००' शर्यतीचे विजेते. त्यांचे चिरंजीव रिचर्ड यांच्या नावावर २०० विजय आणि सात अजिंक्यपदे; तिथे त्यांना 'किंग' म्हणतात. रिचर्ड यांचा मुलगा काइल, आणि काइलचा मुलगा ॲडम. १९८० साली जन्मलेला ॲडम १८ वर्षांचा असताना शार्लटला 'एआरसीए' या स्टॉक कार मालिकेतली शर्यत जिंकला, तेव्हा घराण्याची चौथी पिढी आली म्हणून लोक हरखून गेले.

२ एप्रिल २००० रोजी टेक्सासला तो नॅस्कार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या अव्वल मालिकेत पहिल्यांदा उतरला. इंजिनाने दगा दिला, ४० वा क्रमांक आला. तीनच दिवसांनी पणजोबा ली गेले, ८६ व्या वर्षी. आणि १२ मे रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर, सरावात, तिसऱ्या वळणाशी ॲडमची गाडी भिंतीवर आदळली. थ्रॉटल अडकल्याने वेग कमी झालाच नाही, असे मानले जाते. ॲडम गेला तेव्हा १९ वर्षांचा होता.

आठ आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर, जवळपास त्याच जागी, सरावातच केनी अर्विन हा चालक गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला आणखी एक चालक, टोनी रोपर. तरी 'या खेळात धोका असायचाच' हे पालुपद सुरूच होते. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. ते शौर्याचे कौतुक करते आणि ज्यांनी काही करायला हवे होते त्यांना मोकळे सोडते.

कारण उपाय हाताशी होता. गाडी ताशी दीडदोनशे किलोमीटरने भिंतीवर धडकते तेव्हा पट्ट्यांनी बांधलेले धड जागीच राहते, पण हेल्मेटसकट डोके पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ फुटतो. हे थांबवण्यासाठी रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाऊनिंग यांनी 'हान्स' तयार केले होते. खांद्यावर बसणारी कडक कॉलर आणि तिला हेल्मेट बांधणारे पट्टे, इतकेच ते साधन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते विकत मिळत होते. अडचण होते, मान वळत नाही, अशा तक्रारी करून बहुतेक चालक ते टाळत आणि नॅस्कारने ते सक्तीचे केले नव्हते. १९-२० वर्षांच्या मुलाने आपणहून सावध व्हावे, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. त्या वयात सगळेच अमर असतात. त्यांच्यासाठी नियम मोठ्यांनी करायचे असतात.

काहीच झाले नाही असे नाही. स्टिअरिंगवरून इंजिन बंद करणारे बटण आले आणि सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरला इंजिनांची ताकद कमी करून शर्यत झाली. पण डोके-मान जखडणारे साधन सक्तीचे झाले ते ऑक्टोबर २००१ मध्ये, म्हणजे त्या फेब्रुवारीत डेटोनाला खुद्द दिग्गज चालक डेल अर्नहार्ट यांचा बळी गेल्यानंतर. धक्का शोषणाऱ्या भिंती २००२ मध्ये इंडियानापोलिसपासून बसू लागल्या.

पेटी कुटुंबाने आपले दुःख वेगळ्या कामाला लावले. फ्लोरिडात आजारी मुलांसाठीचे शिबिर पाहून आल्यापासून ॲडमच्या मनात तसेच काही नॉर्थ कॅरोलिनात उभारायचे होते. २००४ मध्ये रँडलमनला, रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी दिलेल्या जमिनीवर, 'व्हिक्टरी जंक्शन' हे शिबिर सुरू झाले. या कुटुंबाबद्दल मला आदर आहे तो २०० विजयांपेक्षा यासाठी अधिक.

पण त्या आदराआड मूळ प्रश्न झाकू नये. अर्नहार्ट यांच्यानंतर नॅस्कारच्या अव्वल मालिकेच्या ट्रॅकवर एकही चालक दगावलेला नाही. गाड्या आजही तितक्याच जोरात धावतात, भिंतीवर आदळतात आणि चालक बहुतेक वेळा आपल्या पायांनी चालत बाहेर येतात. वेग तोच असताना मरण टळले, म्हणजे २००० साली गेलेल्या त्या तीन चालकांच्या बाबतीत 'धोका असायचाच' हे कारण पुरेसे नव्हते. हाताशी असलेला उपाय आधीच सक्तीचा का केला नाही, याचे उत्तर त्यांच्या घरच्यांना नॅस्कारने द्यायला हवे होते.