नळाला पाणी आले. पण पाचव्या वर्षी?



माझ्या आजोळी नळयोजनेचे उद्घाटन झाले, तेव्हा मी हजर होतो. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, नळ सोडताच टाळ्या झाल्या. तीन वर्षांनी उन्हाळ्यात गेलो, तर मामी पुन्हा विहिरीवर पोहऱ्याने पाणी शेंदत होती. पंपाची मोटार जळाली होती आणि ती दुरुस्त करून आणायला ग्रामपंचायतीजवळ पैसे नव्हते. कागदोपत्री मात्र गाव 'पाणीपुरवठा झालेले' होते.

कागद खोटा नव्हता. मोजणी चुकीच्या दिवशी झाली होती. योजनेचे यश उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात मोजावे, असे माझे मत आहे. आणि ते गावाने स्वतः मोजावे.

हा धडा आपल्याला हातपंपाने पूर्वीच दिला आहे. १९७०च्या सुमारास बसवलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबापुरते होते. सारे गाव त्यांवर पाणी भरू लागताच ते भराभर मोडले. सोलापूर आणि जालना येथील कारागिरांनी पोलादी, दणकट रचना केली. तिच्या अनुभवातून पुढे प्रसिद्ध 'इंडिया मार्क-२' पंप तयार झाला. तरीही एक अडचण राहिली. तळाचा वॉशर बदलायचा, तरी सगळे पाइप वर ओढावे लागत आणि त्यासाठी बाहेरून पथक बोलवावे लागे. म्हणून 'मार्क-३'मध्ये पाइप रुंद केला. त्यामुळे दट्ट्या पाइपातूनच वर काढता येऊ लागला. यंत्र उत्तम असणे पुरेसे नाही; ते गावाला दुरुस्त करता आले पाहिजे.

आता नळयोजनेचे गणित करू. १,५०० वस्तीचे, ३०० घरांचे गाव घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे एकूण ८२,५०० लिटर पाणी लागेल. एका लिटरचे वस्तुमान एक किलोग्रॅम. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची ४० मीटर धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण (९.८) आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ३ कोटी २३ लाख जूल. एका युनिटात ३६ लाख जूल असतात. म्हणजे हे झाले ९ युनिट. पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर रोज १८ आणि महिन्याला ५४० युनिट वीज लागेल. घरटी दोन युनिटसुद्धा नाही!

मोटारीचे काय? समजा, पंपासह तिची किंमत ६०,००० रुपये आणि आयुष्य सहा वर्षे आहे. मग दर वर्षी १०,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. घरटी महिन्याला तीन रुपयेही होत नाहीत. पाणी सोडणाऱ्याचा पगार आणि ब्लीचिंग पावडर यांचा खर्च यात मिळवा. तरीही आकडा छातीत धडकी भरावी असा होत नाही. माझ्या आजोळची योजना गरिबीने बंद पडली नाही; घसाऱ्याचा पैसा कोणी वेगळा ठेवलाच नाही, म्हणून पडली.

मग मोजायचे काय? मे महिन्यात विहिरीतील पाण्याची पातळी दर वर्षी मोजा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते फटींत आणि झिजलेल्या थरांत, आणि तो साठा बेताचाच असतो. वर्षात किती दिवस नळ कोरडा गेला आणि बिघाड किती दिवसांत दूर झाला, हे लिहा. पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, ते विचारा. वस्तीतल्या शेवटच्या घरी जाऊन नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का, ते तपासा. शेवटचा नळ बहुधा गरिबाचा असतो. तिथे पोचले ते खरे पाणी. शौचालयांचेही तसेच आहे. संडास किती बांधले, हे मोजून भागत नाही. ते वापरात किती आहेत, आणि दोन खड्ड्यांपैकी सध्या कोणता चालू आहे हे घरच्यांना ठाऊक आहे का, ते पाहा.

तुम्ही म्हणाल, सगळे गावानेच करायचे, तर सरकार कशाला? प्रश्न रास्त आहे. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींसाठी नोंदले आहेत. पण विहीरच आटली किंवा मुख्य जलवाहिनी फुटली, तर तो भार गावाला पेलणारा नाही. तो शासनानेच उचलला पाहिजे. तसेच ज्याला पट्टी परवडत नाही, त्याचा नळ तोडणे हा उपाय नव्हे. लोकसहभाग म्हणजे जबाबदारी झटकण्याची सबब होऊ नये. पण गावाजवळ आकडे असतील, तरच गाव शासनाला ठामपणे जाब विचारू शकेल.

म्हणून शिक्षकांना विनंती, की एका इयत्तेने हे काम हाती घ्यावे. एक वही, एक दोरी, क्लोरीन तपासण्याचा संच एवढे साहित्य पुरे. वर्षाअखेर तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पाणी भरणाऱ्या बायकांना पहिल्यांदा बोलू द्या. कोरडे दिवस त्यांच्याइतके अचूक कोणाच्याच लक्षात नसतात.