वाचकांचा शब्द

मासिकाचे अंक ठरल्या दिवशी घरोघर पोहोचले, वर्गण्याही वेळेवर जमा झाल्या, एवढ्यावरून मासिक जिवंत आहे असे समजता येत नाही. अंक वाचून खाली ठेवल्यावर कोणाला चार ओळी लिहाव्याशा वाटतात की नाही, यावरून त्याची नाडी कळते. आमच्याकडे पत्रे येतात, आणि त्यांबद्दल आम्ही वाचकांचे ऋणी आहो. तथापि अलीकडे आलेल्या दोन पत्रांमुळे या विषयावर स्पष्टपणे लिहावे असे वाटले.

निमित्त घडले ते वेळ अमावास्येवरील एका लेखाचे. बीदर शहराला लागून असलेल्या मैलूर येथील एका भगिनीने तो लिहिला होता. मार्गशीर्ष अमावास्येला सारे घर शेतावर जाते, कडब्याची खोप उभारून तीत पांडव मांडले जातात, भज्जी, आंबील आणि उंड्यांचा नैवेद्य होतो आणि आल्यागेल्या प्रत्येकाला आग्रहाने जेवू घातले जाते. हे सर्व त्यांनी आपल्या घरच्या बोलीत सांगितले होते.

पहिले पत्र कलबुर्गीकडील एका वृद्ध वाचकांचे. त्यांनी लिहिले की, याच दिवसाला आमचे कानडी शेजारी ‘एळ्ळमावास्ये’ म्हणतात. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. मग आपल्या ‘येळवस’ या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध असेल काय, हे जाणकारांनी सांगावे. शेवटी त्यांच्या आजोळी आंबील कशी करीत तेही त्यांनी कळविले होते. दुसऱ्या पत्रात ह्रस्वदीर्घाच्या नऊ चुकांची यादी होती, आणि खाली असा शेरा की, ज्यांना मराठी येत नाही त्यांनी लिहिण्याच्या भरीस पडू नये.

दुसरे पत्र आम्ही छापले नाही. यादीतील चुका खऱ्या होत्या. परंतु त्या दुरुस्त करणे हे आमच्या टेबलावरचे काम आहे, आणि तो शेरा कोणत्याच दुरुस्तीच्या उपयोगाचा नव्हता.

त्या शेऱ्याने काय होते, याचा विचार महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी घराने करावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य केले ते महाराष्ट्र शासनाने. सीमेच्या या बाजूला कानडी शाळेत शिकलेल्या मुलीपर्यंत ते पोहोचले नाहीत, यात तिचा काय दोष? तिची मराठी ही आजीकडून कानांनी घेतलेली मराठी आहे. अशी मुलगी प्रथमच लेखणी हाती धरते आणि तिला हा शेरा वाचावा लागतो. मग ती दुसऱ्यांदा लिहीत नाही. पुढे तिच्या मुलांच्या घरात मराठी मासिक येण्याचे कारणही उरत नाही.

याचा अर्थ पत्रे गुळमट असावीत असा कोणी करू नये. १८४८ सालापासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात भाऊ महाजनांनी ‘लोकहितवादी’ या नावाने येणारी पत्रे छापली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांच्या आळसावर, पोकळ विद्येवर, स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी असे कोरडे ओढले की, पुण्यामुंबईत खळबळ उडाली. शंभरावर पत्रे झाली. आज आपण त्यांना ‘शतपत्रे’ म्हणून ओळखतो. त्यांचा रोख समाजाच्या खोडीवर होता आणि ती खोड जावी ही त्यामागची तळमळ होती. एखाद्या नवशिक्याला गप्प बसविण्यासाठी त्यांतले एकही पत्र लिहिलेले नाही. तिखट पत्र आणि अपमानकारक पत्र यांतला भेद येथे आहे.

संपादकाचीही बाजू आहे. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या आरोग्यविषयक नाजूक प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली, तरी दोनशे रुपयांचा दंड झालाच. प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्याला लाजवायचे नाही, ही कर्व्यांची निष्ठा आम्हांला आमच्या अल्प शक्तीनुसार सांभाळायची आहे.

म्हणून वाचकांना काही विनंत्या. ज्या लेखाविषयी लिहायचे त्याचे नाव आणि अंकाचा महिना आरंभी द्यावा. एका पत्रात एकच मुद्दा घ्यावा. मत पटले नसेल तर का पटले नाही ते सांगावे. माहिती चुकली असेल तर बरोबर माहिती द्यावी, आणि ती कोठून मिळाली तेही लिहावे. लेखकाचे शिक्षण, गाव, जात वा घराणे यांचा उल्लेख करू नये. नाव छापू नये अशी इच्छा असल्यास ती पाळली जाईल, मात्र आमच्यापाशी नाव असले पाहिजे. पत्र टपालाने येवो वा भ्रमणध्वनीवरून, लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी, आणि सकाळी ते लेखकाच्या घरी, त्याच्या मुलांसमोर, मोठ्याने वाचता येईल काय एवढे पाहावे.

आणि ज्यांना आपल्या मराठीची भीड वाटते त्यांनी तर अवश्य लिहावे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची मराठी, कानडी आणि हिंदी पदे एकाच गादीसमोर गायिली जातात. तेथे कोणी कोणाची भाषा तपासत नाही. आपल्या पत्रात कानडी वा उर्दू शब्द आला तर तो आम्ही राहू देऊ, आणि ह्रस्वदीर्घ पाहून घेऊ.

मैलूरच्या भगिनींना आम्ही कलबुर्गीचे पत्र पाठविले आहे. आंबिलीविषयी त्यांचे काही वेगळे म्हणणे आहे असे कळते. ते त्यांनी लिहून पाठवावे. पुढील अंकात जागा राखून ठेवली आहे.