टाके किती पडणार, एवढंच विचारू नका!

मागच्या महिन्यात ओळखीतलं एक कुटुंब तावातावाने घरी आलं. "दुर्बिणीनं करतो म्हणाले आणि पोट फाडलं. वर मलविसर्जनाची पिशवी लावली पोटाला. पेपरात छापा!"

कागद घेऊन मी दुसऱ्या सर्जनकडे गेलो. आजार डायव्हर्टिक्युलायटिस. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक फुगे येतात, त्यांना सूज येते, कधी ते फुटतात. या काकांचा फुटलाच होता. पोटभर पू होता. अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणं ही फसवणूक नाही, जीव वाचवायचा निर्णय आहे. मी बातमी केली नाही. पण "असं होऊ शकतं" हे घरच्यांना आधी कुणीच सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता दुर्बिणीबद्दल. ती वाईट आहे का? अजिबात नाही. नेदरलँड्समध्ये १०४ रुग्णांवर अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. त्यात तातडीची नाही, तर ठरवून केलेली ऑपरेशनं होती. पोट उघडलेल्यांत २५ टक्के लोकांना गंभीर गुंतागुंत झाली, दुर्बीणवाल्यांत ९.६ टक्के. घरी जायला ७ ऐवजी ५ दिवस. वेळ मात्र जास्त लागला.

पण फुगा फुटून पू पसरला की गणित बदलतं. स्वीडन-नॉर्वेत अशा रुग्णांत आतडं न कापता दुर्बिणीनं पोट नुसतं धुऊन पाहिलं. २०१५ साली निकाल आला: धुतलेल्यांपैकी साधारण २० टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, आतडं काढलेल्यांत ६ टक्क्यांच्या आत. म्हणजे छोटं छिद्र म्हणजे छोटा धोका, असं नाही.

आपल्याकडे मात्र एसटी स्टँडपासून चौकापर्यंत होर्डिंग एकच: "बिनटाक्याचं, दुसऱ्या दिवशी घरी!" २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रातल्या खाजगी दवाखान्यांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितलं. चांगलं झालं. पण दर कळून काय उपयोग, निकाल कळत नसेल तर? वर्षभरात अशी ऑपरेशनं किती केली, किती जणांचं पोट मध्येच उघडावं लागलं, किती जण पुन्हा टेबलवर आले, तेही लावा की भिंतीवर. चांगल्या सर्जनला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तोवर आपण एवढं करू. सही करण्याआधी विचारायचं: डॉक्टर, ऑपरेशन आत्ताच लागणार का? कारण सौम्य दुखणं बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय बरं होतं. तुम्ही अशी किती केलीत? दुर्बिणीनं नाही जमलं तर पुढे काय? पिशवी लागली तर ती निघणार का, आणि कधी?

उद्धटपणा नाही हा. पोट आपलं आहे.

तुमचा अनुभव खाली लिहा. दवाखान्याचं नाव नको, काय सांगितलं आणि काय झालं, तेवढं पुरे.