मर्ज केलेल्या सेलमध्ये नाव मधोमध नको, वर हवे!

धान खरेदी केंद्रांची यादी आम्ही ई-पेपरला लावली, त्याच दिवशी लाखांदूर तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. ‘भाऊ, आमच्या गावापुढं तर काहीच लिहिलं नाही जी. धान न्यायचा कुठं?’ यादी उघडून पाहिली. गाव होते, केंद्रही होते. पण त्या केंद्राला बारा-तेरा गावे जोडलेली आणि केंद्राचे नाव त्या सगळ्या ओळींच्या बरोबर मधोमध, एकदाच. त्यांच्या मोबाइलवर गाव दिसत होते तेव्हा केंद्राचे नाव स्क्रीनच्या खाली दडलेले होते. बोटाने थोडे वर सरकले असते, तर दिसले असते ते आधीच्या केंद्राचे नाव. ट्रॅक्टर भरून माणूस भलत्याच केंद्रावर पोहोचला असता.

त्या तक्त्याचा कोड मी लिहिला होता. त्यामुळे हे स्पष्टीकरण थोडे स्वतःलाच दिलेले आहे.

नेमके होते काय?

तक्त्यातील अनेक ओळींना एकच नाव लागू असेल, तर आपण त्या ओळींचे सेल मर्ज करतो, म्हणजे जोडून एक करतो. धुरे काढून चार बांध्यांची एक बांधी करावी तसे. आता एवढ्या मोठ्या जागेत मजकूर कुठे ठेवायचा, वर, मध्ये की खाली? तुम्ही काहीच सांगितले नाही, तर अनेक ठिकाणी संगणक तो मध्ये ठेवतो.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्यात ७ तालुके आणि ३ विधानसभा मतदारसंघ आहेत. तुमसर मतदारसंघात तुमसर आणि मोहाडी, भंडाऱ्यात भंडारा आणि पवनी, साकोलीत साकोली, लाखनी आणि लाखांदूर. डावीकडे मतदारसंघ मर्ज करून मधोमध लिहा. दोन तालुक्यांच्या जोडीत नाव येते दोन ओळींच्या सीमेवर, म्हणजे धड कुणाच्याच समोर नाही. साकोलीचे तर आणखी गमतीचे. तीन ओळींचा मध्य म्हणजे लाखनी! एक ओळ आडवी वाचणाऱ्याला ‘साकोली – लाखनी’ एवढेच दिसते, आणि खुद्द साकोली तालुक्यासमोरची जागा कोरी.

छापील पानावर हे खपून जाते, कारण डोळ्यांना अख्खी चौकट एकदम दिसते. मोबाइलवर चौकट दिसतच नाही. दिसतात त्या सात-आठ ओळी.

कोडमध्ये गडबड कुठे?

पीडीएफ अहवाल तयार करायला अनेक जण लाटेक वापरतात. डोनाल्ड नुथ यांच्या ‘टेक’ या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात ती उभारली. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमुळे अनेकांची तिच्याशी ओळख होते. तिथे उभे सेल जोडायला ‘मल्टीरो’ ही आज्ञा आहे. किती ओळी, किती रुंदी आणि मजकूर काय, हे तिला सांगायचे. जागा ठरवायला टी, सी किंवा बी हे एक अक्षर, म्हणजे वर, मध्ये किंवा खाली. अक्षर दिले नाही, तर मध्ये.

पण मल्टीरोला शेजारच्या ओळींची खरी उंची माहीत नसते. प्रत्येक ओळ ठरावीक उंचीची आहे असे गृहीत धरून ती मध्य काढते. शेजारी एखाद्या गावाचे लांबलचक नाव दोन ओळींत मोडले, की हा हिशेब चुकतो. मराठीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. फाँट उंच असेल तर प्रत्येक ओळ जराशी वाढते आणि बारा ओळींत ती वाढ साचत जाते. मग ‘मध्य’ हाताने, मिलिमीटर मोजून सरकवत बसा. पहिल्या ओळीपासून वर लावलेल्या मजकुराला मात्र हा हिशेब लागतच नाही. शिवाय तक्ता पुढच्या पानावर गेला तर मल्टीरोचा मजकूर फुटून सोबत जात नाही. पुढच्या पानावरची गावे बेवारस.

वेब पानाची तऱ्हा वेगळी. तिथे ‘रोस्पॅन’ वापरतात. ब्राउझरला उंची नेमकी कळते, त्यामुळे मध्य अचूक निघतो, आणि मोबाइलवर तोच अचूक मध्य नडतो. उपाय एका ओळीचा आहे: व्हर्टिकल-अलाइन, टॉप. एक सवय मात्र सांभाळा. लाटेकमध्ये जोडलेल्या सेलच्या खालच्या जागा रिकाम्या सोडाव्या लागतात. वेबवर तसा रिकामा सेल ठेवला, तर ती ओळ एक रकाना उजवीकडे सरकते आणि आकडे भलत्याच मथळ्याखाली जातात.

मग करायचे काय?

माझे मत सरळ आहे. लोक आपले गाव, आपले नाव शोधायला जी यादी उघडतात, तिच्यात सेल मर्जच करू नयेत. केंद्राचे नाव प्रत्येक गावापुढे पुन्हा लिहावे. ‘तेच तेच दिसते, पान जड होते’ हा आक्षेप मी आमच्याच डेस्कवर ऐकला आहे. होते जड. पण तीच यादी कुणी एक्सेलमध्ये घेतली तरी फायदा आहे. एक्सेल मर्ज करताना वरच्या डाव्या सेलमधलीच माहिती ठेवते आणि बाकीची टाकून देते. मग केंद्रानुसार फिल्टर लावला, तर बारापैकी एकच गाव हाती लागते.

आडव्या मर्जबद्दल मी इतका कडवा नाही. जुन्या गाव नमुना बारामधला ‘पिकाखालील क्षेत्राचा तपशील’ हा मथळा आठवा. त्याच्या पोटात मिश्र पीक, निर्भेळ पीक, पुन्हा जलसिंचित, अजलसिंचित. असे मजले मर्जशिवाय रचणे कठीण. फक्त मथळा मधोमध न ठेवता डावीकडे लावला, तर मोबाइलवर पहिल्याच रकान्यापाशी तो सापडतो.

आमच्या यादीचा कोड त्याच संध्याकाळी बदलला. ई-पेपरच्या यादीत आता प्रत्येक गावापुढे केंद्राचे नाव येते. छापील पानात मर्ज ठेवला आहे, पण नाव वर लावून आणि नव्या पानावर पुन्हा लिहून. लाखांदूरच्या त्या भाऊंना नवी लिंक पाठवली, तेव्हा त्यांनी गावाच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून परत पाठवला. खाली लिहिले होते, ‘आता दिसलं जी.’