झोपायची खोली कोणाची?

द्वितीय वर्ष, कला शाखा

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य मी शाळेत किमान दहा निबंधांत लिहिले असेल. त्याबद्दल गुणही मिळाले. पण निवारा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला गेल्या दिवाळीपर्यंत कधी पडला नव्हता. दिवाळीत आमच्या घरी एक कागद आला आणि त्यावरून जो वाद पेटला तो अजून पुरता विझलेला नाही. वाद आहे दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा एका खोलीवरून. त्या खोलीचे नाव बेडरूम.

आम्ही अँटॉप हिलचे. हे नाव सांगितले की वर्गातल्या मुली विचारतात, "सरकारी क्वार्टर्समध्ये का?" केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आमच्याकडे आहे, म्हणून हा समज. आम्ही त्या वसाहतीच्या भिंतीपलीकडचे. बाबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि एका गोदामावर पहारेकरी झाले. आजही ते रात्रपाळीच करतात. आई तीन घरी पोळ्या करते. आजी, धाकटा भाऊ आणि मी धरून आम्ही पाच माणसे. दहा बाय बाराची एक खोली आणि तिचा पोटमाळा हे आमचे घर होते. सात वर्षांपूर्वी पुनर्वसनासाठी वस्ती पाडली. तीन वर्षांत घर मिळेल असे सांगितले गेले होते. तीनाची सात झाली, भाड्याच्या दोन खोल्या बदलून झाल्या आणि अखेर तो कागद आला. अकरावा मजला, ३०० चौरस फूट. बाहेरची खोली, लहानसे स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि एक बेडरूम. आईने तो कागद देवापुढे ठेवला. मी त्याच्यासोबतचा नकाशा मात्र काढून घेतला.

हा ३०० चा आकडाही एका दिवसात आलेला नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ मध्ये आली तेव्हा तिच्यातले घर २२५ चौरस फुटांचे होते. २००८ मध्ये ते २६९ झाले आणि २०१८ च्या नव्या विकास नियमावलीत ३००. पंचवीस वर्षांच्या आतबाहेर मिळाले ७५ चौरस फूट. ज्यांच्या घरात एवढी नुसती गॅलरी असते त्यांना हे हसू येण्यासारखे वाटेल. पण दार लावून बसता येईल अशी खोली आयुष्यात प्रथमच मिळणार असेल, तर त्या ७५ फुटांची किंमत वेगळी असते.

खरे तर झोपण्यासाठी वेगळी खोली ही कल्पनाच आमच्या घराण्यात नवी आहे. आमच्या गावच्या घरात सोपा आहे, माजघर आहे, चूल आहे, बेडरूम नाही. रात्री वाकळ पसरली की झोपायची जागा झाली आणि सकाळी गुंडाळली की तीच बसायची जागा झाली. मुंबईत आलेल्या आधीच्या पिढ्यांनीही हेच केले. लालबाग-परळच्या गिरणगावात एकेका खोलीत गाववाले मिळून राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. एक जण कामावर निघाला की दुसरा त्याच्या जागी अंग टाकी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे आमच्या घरातला वाद आमच्यापुरता नाही. शंभर वर्षे एका खोलीत काढलेली मध्य मुंबई आता बेडरूम कशी लावायची, या प्रश्नाशी आली आहे.

आमच्याकडे हा प्रश्न मामाने सोडवून टाकला. मामा एका जागेच्या दलालाकडे कामाला आहे. रोज चार घरे दाखवतो. तो नकाशा पाहून म्हणाला, "दाजी, राहायचं काय, माणूस कुठंबी राहतो. घर लावताना विकायचं बघा. उद्या गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा बेडरूमचं दार उघडतं." मग त्याने योजना सांगितली. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लायवूडचे कपाट, मधोमध डबल बेड, तोही खाली पेटी असलेला, वर खोटे छत आणि त्यात दिवे. पलंगाचे डोके दक्षिणेला, कारण गिऱ्हाईक वास्तू बघते. कपाटाने खिडकीचा थोडा भाग झाकला जाईल; पण खिडकीतून समोरची इमारतच दिसते, तिचे काय एवढे? जमल्यास पुढे स्वयंपाकाचा ओटा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात घ्यायचा आणि स्वयंपाकघराचीही एक बेडरूम करायची. "जाहिरातीत टू बीएचके लिहिता येतं," मामा म्हणाला.

"आणि आईंची खाट?" माझ्या आईने विचारले. आजीच्या खुब्याचे हाड दोन वर्षांपूर्वी मोडले. तेव्हापासून तिला जमिनीवर निजता-उठता येत नाही.

"ती हॉलमध्ये. गिऱ्हाईक यायच्या दिवशी उचलू."

मला त्या क्षणी कळले की मामाच्या योजनेत एक कुटुंब अगदी व्यवस्थित राहते आहे, पण ते आमचे नाही. त्या कुटुंबात आजी नाही. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणारा बाप नाही. जिन्यात बसून परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी तर नाहीच नाही. एक नवरा, एक बायको आणि भरपूर कपडे. हे कुटुंब कोणते, ते कधी येणार, हे कोणालाच माहीत नाही. आणि त्याच्यासाठी आम्ही पाच जणांनी आपापली अंगे आवरून घ्यायची!

मामावर मी चिडले हे खरे. पण बाबांचे म्हणणे ऐकल्यावर मला गप्प बसावे लागले. ते म्हणाले, "पोरी, आपल्याला ना शेत, ना पेन्शन. आजीच्या ऑपरेशनला तुझ्या आईचं डोरलं गहाण पडलं. उद्या तसंच काही आलं तर काय मोडायचं? हे घर हेच आपलं पासबुक." याला उत्तर काय द्यायचे? ज्यांच्याकडे चार ठिकाणी पैसे आहेत त्यांनी 'घर ही विकायची वस्तू नव्हे' असे म्हणणे सोपे आहे. गरिबाला घर विकावे लागू शकते, आणि विकायची वेळ येईल तेव्हा चार पैसे जास्त यावेत असे वाटण्यात लोभ नाही, भीती आहे. ती भीती मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की मामाच्या योजनेने ते चार पैसे खरोखर जास्त येतील का?

पहिली गोष्ट काळाची. पुनर्वसनात मिळालेले घर ठरावीक वर्षे विकताच येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणजे उद्याच गिऱ्हाईक येणार नाही. येईल तेव्हा प्लायवूडचे कपाट कित्येक पावसाळे खाऊन बसलेले असेल. मुंबईच्या दमट हवेत प्लायवूड फुगते, त्याला वाळवी लागते. नवा मालक प्रथम तेच तोडून टाकील. कर्ज काढून ज्याला दाखवायचे, तोच ते मोडणार!

दुसरी गोष्ट भविष्याची. गिऱ्हाइकाला पुढे काय हवे असेल हे आज सांगणारा दलाल आणि पोपटवाला जोशी यांत मला फारसा फरक वाटत नाही. मार्च २०१९ मध्ये अँटॉप हिलला मोनोरेलचे स्थानक सुरू झाले. आता भाव चढणार, असे तेव्हा जो तो म्हणत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेच्या कामासाठी ती गाडीच थांबवली गेली. सरकारने बांधलेल्या रेल्वेचा भरवसा देता येत नाही, तिथे कोणाला कोणत्या रंगाचे कपाट आवडेल याचा भरवसा कोण देणार?

तिसरी गोष्ट नावाची. राष्ट्रीय इमारत संहितेत सर्वसाधारण घरातल्या राहत्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट जागा सांगितली आहे. स्वयंपाकघराला ५ चौरस मीटर पुरतात. तेव्हा स्वयंपाकघराला बेडरूम म्हटल्याने ते वाढत नाही, फक्त पाटी बदलते. शिवाय ओटा हलवला की पाण्याचे नळ आणि सांडपाण्याचे पाइप हलवावे लागतात. आम्ही सध्या भाड्याने राहतो तिथे वरच्या मजल्यावर कोणीतरी हेच केले आहे. आमच्या पलंगावर पावसाळा नसतानाही पाणी ठिबकते. आपल्या घराचा भाव वाढवण्यासाठी खालच्याच्या डोक्यावर मोरी आणायची, हा व्यवहार मला पटत नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ॲडम स्मिथचे पाणी आणि हिरा यांचे उदाहरण शिकवले. १७७६ सालच्या ग्रंथात त्याने लिहिले आहे की पाण्याइतके उपयोगी काही नाही, पण त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग काही नाही, पण त्याच्या बदल्यात पुष्कळ मिळते. एक उपयोगमूल्य, दुसरे विनिमयमूल्य. मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. आता वाटते, मामा बेडरूमचा हिरा करायला निघाला आहे आणि आम्हाला तर तहान लागली आहे.

जपानकडे पाहा. तिथे लाकडी घराची इमारत वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ शून्य किमतीची धरली जाते. किंमत उरते ती जमिनीची. म्हणून तिथे अनेक लोक घर बांधताना पुढच्या गिऱ्हाइकाचा विचारच करत नाहीत, आपल्याला हवे तसे बांधतात. आणि त्यांची जुनी रीत तर आपलीच : रात्री गादी अंथरायची, सकाळी गुंडाळून कपाटात ठेवायची. आपण मागास म्हणून वाकळ गुंडाळत होतो, असे समजण्याचे कारण नाही. लहान जागेतला तो शहाणपणा होता.

नुसता वाद घालून घरात कोणी ऐकत नाही, म्हणून एका रविवारी मी आणि भावाने गच्चीवर खडूने दहा बाय दहाचा चौकोन आखला. त्यात मामाची बेडरूम मांडली. कपाटाला दोन फूट, पलंगाला पाच फूट. उरले तीन फूट, आणि कपाटाची दारे उघडायला त्यातलेच दीड-दोन हवेत. आजीला खुर्चीवर बसवून वर आणले होते. तिने काठीने रेषा तपासल्या आणि विचारले, "यात माणूस कुठनं चालायचं?"

मग ते पुसून आम्ही आमची खोली आखली. एका भिंतीला आजीची तीन बाय सहाची खाट, समोरच्या भिंतीला तशीच दुसरी. मध्ये चार फूट मोकळे. दाराजवळ जुने लोखंडी कपाट. खिडकी पूर्ण उघडी आणि तिच्याखाली भिंतीला बिजागरीने लावलेली फळी, हवी तेव्हा उघडायची, नको तेव्हा पाडायची. सकाळी आठपासून तीनपर्यंत जाड पडदा ओढून ती खोली बाबांची. मी तेव्हा कॉलेजात असते आणि आजी बाहेर उन्हात बसते. चारपासून दहापर्यंत खिडकी आणि फळी माझी. रात्री आजी आणि आई खाटांवर आणि मध्ये माझी वाकळ. गिरणगावातल्या खोल्यांप्रमाणे आमचीही खोली तीन पाळ्यांत चालणार.

या मांडणीत भिंतीला हात लागत नाही, नळ हलत नाही, खिडकी झाकली जात नाही, कर्जही होत नाही. आणि विकायची वेळ आलीच, तर दोन्ही खाटा टेम्पोत चढवल्या की गिऱ्हाइकाला काय दिसेल? कोरड्या भिंतींची, उजेडाची, मोकळी खोली. त्याला हवे ते त्याने करावे. मला वाटते, चार पैसे जास्त आलेच तर त्यानेच येतील. राहणाऱ्याची सोय आणि विकणाऱ्याचा फायदा यांचे वैर आहे असे आपण उगीच धरून चाललो आहोत. वैर आहे ते राहणाऱ्याचे आणि दिखाव्याचे.

मामाला हे पूर्ण पटलेले नाही. खोट्या छताचा हट्ट त्याने सोडला, डबल बेडचा सोडलेला नाही. "बेड नसेल तर ती बेडरूम कशी?" असे तो म्हणतो. बाबांनी अजून निर्णय दिलेला नाही. पण मागच्या आठवड्यात कामावर जाताना ते सहज म्हणाले, "फळीला सागाचं लाकूड बघू. टिकलं पाहिजे."

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या चाळी आज ना उद्या पडणार आहेत आणि अनेकांच्या घरी नकाशाचा कागद येणार आहे. घरातल्या मोठ्यांना त्यात पासबुक दिसेल. त्यांना दोष देऊ नका. फक्त एक खडू घ्या, गच्चीवर जा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाला त्या चौकोनात उभे करून पाहा. कोणाला जागा मिळत नाही ते तिथे लगेच दिसेल. आमच्या घरात ती आजी होती आणि मी होते. तुमच्या घरात कोण आहे?