दगडाच्या पोटातला दिवा

पानाचा चुना चुनखडी भाजून होतो आणि चुनखडी मुख्यतः बनते कॅल्साइट या खनिजाची. त्याचा निर्मळ स्फटिक पुस्तकावर ठेवा, प्रत्येक अक्षर दुहेरी दिसेल. कारण आत शिरलेल्या प्रकाशाला तेथे दोन वाटा फुटतात. बार्थोलिन या डॅनिश पंडिताने १६६९ साली ही नवलाई जगापुढे मांडली.

परंतु कॅल्साइटमधून पाझरणाऱ्या उजेडाचे मर्म इजिप्तच्या कारागिरांनी त्यापूर्वीच जाणले होते. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात याच दगडाचा एक दिवा होता. एरवी नुसता पांढरा पेला. आत ज्योत लावली, की त्याच्या अंगातून चित्र उमटते. सिंहासनावर तरुण राजा, समोर राणी. कारागिराने पेल्यात दुसरा पातळ पेला बसवून त्याच्या बाहेरच्या अंगावर हे चित्र रंगविले होते. राणीच्या हातांत खाचा पाडलेल्या खजुरीच्या काड्या आहेत. त्या खाचा म्हणजे वर्षे. ती पतीला उदंड आयुष्य देऊ पाहते आहे!

राजा मात्र विशीच्या आतबाहेरच गेला. राणीचे ते मागणे तीन हजारांहून अधिक वर्षे थडग्याच्या अंधारात मिटून राहिले. पाडव्याच्या ओवाळणीत आपल्या गृहिणी तरी दुसरे काय मागतात?