आकाशातील जकातनाके

हेलसिंकी आणि टोकियो या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या आरंभापर्यंत ते सुमारे साडेनऊ तासांत कापले जाई. नंतर त्याच प्रवासाला जवळजवळ तेरा तास लागू लागले. विमानांची गती मंदावली नव्हती. वाट अडविली गेली होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने तेच उत्तर दिले आणि सायबेरियावरून जाणारा जवळचा मार्ग मिटला.

हा केवळ प्रवाशांच्या गैरसोयीचा प्रश्न नव्हे. जाऊन-येऊन एकोणीस तास लागत, तेव्हा एकच विमान चोवीस तासांत फेरी पूर्ण करू शके. सव्वीस तासांच्या फेरीत ते शक्य नाही. म्हणजे तेवढ्याच सेवेसाठी अधिक विमाने, अधिक वैमानिक आणि अधिक इंधन हवे. युरोप व पूर्व आशिया यांमधील जवळची वाट हेच ‘फिनएअर’चे भांडवल होते. १९८३ मध्ये याच कंपनीने सोव्हिएत आकाश टाळून उत्तर ध्रुवावरून टोकियो गाठले, तेव्हाही सुमारे तेरा तासच लागले होते. चार दशकांची प्रगती अशा रीतीने एका निर्णयाने पुसली गेली.

१९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावरील पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य करते. तेव्हा आकाश ही सर्वांची सामाईक मालमत्ता नाही. तिला धनी आहे. सायबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्या रशियाला वर्षानुवर्षे शुल्क देत, ते अर्थशास्त्राच्या भाषेत भूमीचा खंडच होय. शिवाय हा नाका सर्वांना सारखा नसतो. चिनी कंपन्यांना रशियाने वाट मोकळी ठेवली. साहजिकच युरोपीय स्पर्धकांवर त्यांना आयती सरशी मिळाली.

भारताने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, तेव्हा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर एअर इंडियाला त्याचा लाभ झाला. उलट, २०१९ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केले, तेव्हा त्याच कंपनीचे २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा हाच मार्ग पत्करला. भारतानेही ३० एप्रिलला प्रत्युत्तर दिले.

असे निर्णय राष्ट्रहितासाठी कधी अपरिहार्य ठरतात, हे खरे. परंतु त्यांची किंमत संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. ती तिकिटाच्या दरात, रिकाम्या राहणाऱ्या मालवाहू जागेत आणि कंपन्यांच्या ताळेबंदात विखुरली जाते. जो खर्च कोणाच्याच नावावर मांडला जात नाही, त्याचा विचारही कोणी करीत नाही. २०१९ प्रमाणे प्रत्येक वेळी हा हिशेब संसदेपुढे यावा. निर्णय त्यामुळे बदलेलच असे नाही. पण तो डोळसपणे घेतला जाईल.